तीन नंबरचा फेडर

“लाइन कुठनं देताय, मॅडम?” इक्बालभाईंनी विचारलं.

मी मिक्सरच्या मागच्या बाजूला वाकून वायरी लावत होते. सकाळचे साडेनऊ झाले होते, मे महिना होता आणि मंडपाच्या पत्र्याखाली आत्ताच जीव कासावीस होत होता. इक्बालभाई आमच्या तालुक्याचे व्हिडिओवाले. लग्नं, बारशी, सरकारी कार्यक्रम, सगळीकडे त्यांचाच कॅमेरा. त्या कॅमेऱ्याला मिक्सरमधून आवाज नेणारी वायर त्यांनी माझ्यासमोर धरली होती.

“रेकॉर्डिंगचं सॉकेट गंजलंय,” मी म्हटलं. “मेनच्या दुसऱ्या आउटपुटातून देते. बाबा तिथूनच द्यायचे.”

“द्या. मंडपात वाजेल तेच कॅमेऱ्यात जाईल. लग्नात तरी दुसरं काय करतो आपण?”

मी वायर लावली. भौतिकशास्त्रात एमएस्सी झालेली आणि कनिष्ठ महाविद्यालयात तासांवर शिकवणारी मी. मेनमधून लाइन दिली की एखाद्या माइकचा फेडर खाली ओढल्याबरोबर त्याचा आवाज मंडपातून नाहीसा होतो तसा कॅमेऱ्यातूनही नाहीसा होतो, हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. गंजलेलं सॉकेट घासून साफ करायला दहा मिनिटं लागली असती. माझ्याकडे दहा मिनिटं होती. पण जानेवारीत बाबांची उजवी बाजू गेली होती, बोलणंही गेलं होतं आणि तेव्हापासून सकाळी त्यांचं सगळं आवरणं, मग कॉलेज, मग ‘गुडेकर साउंड’ची कामं, असं चाललं होतं. मी दमले होते. याला आता सोळा वर्षं झाली, पण त्या सकाळचं माझं दमणं मला अजून जसंच्या तसं आठवतं, कारण पुढे कितीतरी दिवस मी तेच कारण स्वतःला देत राहिले.

त्या दिवशी खाडीकाठच्या कंपनीची जनसुनावणी होती. कंपनीला कारखाना दुप्पट करायचा होता. परवानगी मिळण्याआधी आसपासच्या गावांचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, त्याचं चित्रीकरण करावं लागतं, आणि शेवटी कोण काय बोललं याचा वृत्तान्त सगळ्यांसमोर वाचून दाखवून मगच त्यावर सही होते. अध्यक्ष म्हणून जिल्ह्याहून एक साहेब आले होते. त्यांच्या शेजारी नोंदी लिहायला शिंगरे भाऊसाहेब. स्टेजवर दोन माइक, एक आणि दोन नंबरचे. स्टेजच्या खाली, लोकांसाठी, स्टँडवर तिसरा. ज्याचा नंबर पुकारला जाईल त्यानं त्या तिसऱ्या माइकपाशी यायचं, आधी नाव आणि गाव सांगायचं आणि मग बोलायचं.

मिक्सरवर प्रत्येक माइकचा एक सरकता फेडर असतो. वर सरकवला की आवाज वाढतो, खाली ओढला की बंद. त्याच्या शेजारी एक हिरवा दिवा असतो. माइकमधून आवाज येतोय एवढंच तो सांगतो. तो आवाज पुढे बाहेर जातोय की नाही, हे त्याला ठाऊक नसतं. आणि एक छोटं बटण असतं. ते दाबलं की फेडर पूर्ण खाली असला तरी त्या माइकवरचं बोलणं ऑपरेटरला हेडफोनमध्ये ऐकू येतं. मी हे बटण कायम दाबून ठेवायची. आवाज घरघरतोय का, कुठे वायर सैल झालीय का, ते आधी मला कळावं म्हणून.

बाबांनी मला या कामाचा एकच नियम सांगितला होता. स्टेजवर जो मुख्य असेल त्याच्या हाताकडे बघायचं. हात खाली झाला की कमी, वर झाला की जास्ती. “आपण आवाज देतो, मत देत नाही,” असं ते म्हणायचे.

पहिली चाळीस निवेदनं व्हायला दीड वाजला. डावीकडे गावातली माणसं बसली होती, उजवीकडे कंपनीचे कामगार, आकाशी शर्टांत. चाळीसावा नंबर एका तरुण वकिलाचा होता. तो सांडपाण्याचे आकडे वाचत होता आणि साहेब त्याला पुन्हापुन्हा “वेळ संपली, वेळ संपली” म्हणत होते. शेवटी डावीकडची माणसं उठली. वीस-पंचवीस जण एकदम माइकभोवती गोळा झाले, माइकचं तोंड कर्ण्याकडे वळलं आणि मंडपभर कान फाटेल अशी शिट्टी वाजली.

“मॅडम! पब्लिकचा माइक खाली घ्या!” साहेबांनी तळहात खाली करून मला दाखवलं.

मी तीन नंबरचा फेडर खाली ओढला. शिट्टी थांबली.

माणसं मात्र थांबली नाहीत. वकील पुढे आणि बाकीचे मागे, असे सगळे घोषणा देत मंडपाबाहेर पडले आणि फाटकापाशी जाऊन उभे राहिले. पोलीस त्यांच्यामागे गेले. साहेबांनी मोबाइल कानाला लावला आणि पाठ फिरवून बंदोबस्ताचं बोलू लागले. मंडपात आकाशी शर्टवाले आणि डावीकडे पाच-सहा म्हाताऱ्या बायका उरल्या.

“एक्केचाळीस,” शिंगरे भाऊसाहेबांनी आपल्या माइकवरून पुकारलं. “येसूबाई डोर्लेकर. या आजी, बोला.” आणि ते फाटकाकडे मान उंचावून बघू लागले.

एक बाई उठली. सत्तरीची असेल. नऊवारी गुडघ्यापर्यंत नेसलेली, खाडीत उतरणाऱ्या बायका नेसतात तशी. दोन्ही हातांच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. ती माइकपाशी आली, त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिली आणि मग तोंड अगदी जवळ नेऊन बोलायला लागली.

हिरवा दिवा लुकलुकायला लागला.

मी साहेबांच्या हाताकडे बघितलं. त्यात मोबाइल होता.

“मी येसू बाबू डोर्लेकर,” हेडफोनमध्ये आवाज आला. इतका जवळून, की ती माझ्या खांद्यावरून बोलत असावी. “माजा मुलगा सुरेंद्र. तो काय तिकडं बसलाय, कंपनीच्या माणसांत, तिसऱ्या रांगेत. त्याला ऐकू दे, म्हणून आल्ये. घरात बोलायला गेलं की तो उठून जातो.”

फाटकावरून घोषणा येत होत्या. त्या गलक्यात आपला आवाज कर्ण्यातून येत नाही हे तिला कळत नव्हतं. फेडर वर घ्यायला एक सेकंदही लागत नाही. मी साहेबांचा हात वर होण्याची वाट बघत होते.

“कंपनी सांगते, घाण पाण्याचा पाइप समुद्रात नेलाय, लांब. नाय नेलेला. सुरेंद्र त्या कामावर होता. धक्क्याच्या पुढं खडक लागला, पाऊस तोंडावर आला नि तरीच्या धक्क्याखालीच, होड्या लागतात तिथं, खाडीत, पाइप सोडलानी. वर दगड टाकलानी. जेवताना सांगितलान मला. आणि मग ताट सरकवलान नि माजा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवलान. म्हणाला, आये, कोणाला बोललीस तर मी मेलो. त्या महिन्यात त्याला कायम केलानी.”

ती थांबली. श्वास घेतल्याचा आवाज आला. मी अजून हललेली नव्हते.

“त्याला आठ वर्षं झाली. मी कालवं काढते. तिथंच काढते, धक्क्याखाली, दुसरीकडं मला कोण काढू देतंय? फोडली की आत अर्धी काळी निघतात. चांगली दिसतात ती वेगळी करते नि बाजारात विकते. चांगली दिसतात, पण हायत त्याच पाण्यातली. मला ठाऊक हाय नि मी विकते. पोरंबाळं खातात ती. एक बाय गरोदर होती, तिला डोहाळे कालवांचे, दर बुधवारी न्यायची माज्याकडनं. तिला पण दिली.”

पुढचं सगळं मी इथे लिहीत नाही. ते ती एकदा बोलली होती आणि ते बोलायला तिला आठ वर्षं लागली होती. एकूण सहा मिनिटं. मिक्सरशेजारी माझं घड्याळ ठेवलेलं होतं, त्यामुळे आकडा नक्की आहे. साहेबांचं फोनवरचं बोलणं संपत नव्हतं, आकाशी शर्टवाले आपापसांत बोलत होते, कुणी चहाचे कप गोळा करत होतं. शेवटी येसूबाईंनी माइकला नमस्कार केला आणि त्या जागेवर जाऊन बसल्या.

साहेब वळले. “झाल्या का आजी? चला, पुढचा नंबर घ्या.” आणि त्यांनी मला हातानं वर, वर, असं दाखवलं.

मी फेडर वर घेतला.

*

जेवणाच्या सुट्टीत मी इक्बालभाईंना म्हटलं, “एक्केचाळीस नंबर जरा लावून दाखवा.”

त्यांनी कॅमेऱ्याचा छोटा पडदा माझ्याकडे वळवला. येसूबाईंचे ओठ हलत होते. आवाजाच्या जागी साहेबांचा एक खोकला होता, भाऊसाहेबांच्या माइकवरून आलेली खुर्चीची करकर होती, बस्स.

“मूकपट झाला की हो!” ते हसले. मग माझ्याकडे बघून थांबले. “काय बोलत होती?”

“पाइपाचं.”

“तुम्हाला ऐकू आलं?”

मी मान डोलावली. त्यांनी पडदा बंद केला.

“हे बघा मॅडम, मी तुमच्या वडिलांबरोबर वीस वर्षं काम केलंय, म्हणून सांगतो. वायर माजी, मिक्सर तुमचा. बोललात तर दोघांच्या गळ्यात येईल. आपल्याला कोणी विचारलेलं नाय. जेवून घ्या.”

मी डबा उघडला. दोन घास खाल्ले असतील, तोच टेबलासमोर कुणीतरी उभं राहिलं. येसूबाई होत्या. हातात कागदी कपात लिंबाचं सरबत होतं, ते त्यांनी माझ्यापुढे ठेवलं.

“घे बाय. सकाळपासनं उकाड्यात बसल्येस.”

“तुम्ही घ्या ना, आजी.”

“मी घेतलं. तुजं ते मशीन चांगलं हाय हो. एवढं बोलल्ये मी, पण कोणी मला मधेच तोडलं नाय. आधीच्या सगळ्यांना तोडत होते. त्या वकिलाला पण तोडलानी. मी म्हटलं, आता मला पण सांगतील, गप बस म्हातारे. पण नाय. साहेब पाठ करून उभा होता, त्याला पण तोंड दाखवायला जागा नसंल.” त्या जराशा हसल्या. “आणि सुरेंद्र उठून गेला नाय. बघितलंस? बसून ऐकलान सगळं. मी म्हटलं उठेल. नाय उठला.”

मला काहीतरी म्हणायला हवं होतं. मी विचारलं, “हाताला काय झालंय?”

“हे? खाडीचं. पाण्यात गेलं की चरचरतं.” त्यांनी बोटांकडे बघितलं. “आज घरी गेलं की काय बोलतो बघू. बोलेल तरी. आठ वर्षं आम्ही नुसतं आमटी वाढ, भात वाढ एवढंच बोलतोय.”

त्या गेल्या. मी सरबत प्याले, डब्याचं झाकण लावलं. तिसऱ्या रांगेतला सुरेंद्र डोर्लेकर मला दिसत होता. चाळिशीचा, कपाळावरचे केस मागे गेलेला माणूस. तो शेजाऱ्याच्या मोबाइलमध्ये क्रिकेटचा स्कोअर बघत होता.

*

चार वाजता वृत्तान्ताचं वाचन सुरू झालं. बाहेर गेलेली माणसं तोवर परत येऊन बसली होती, घसा बसलेली आणि उन्हानं करपलेली. शिंगरे भाऊसाहेब एकसुरी आवाजात वाचत होते. प्रत्येक नंबर, नाव, गाव, आणि दोन ओळींत मुद्दा. लोक पेंगत होते. मी तिन्ही माइक सारख्या पातळीवर ठेवून बसले होते.

“चाळीस. सांडपाण्याच्या आकडेवारीबाबत आक्षेप. एक्केचाळीस, येसूबाई डोर्लेकर. उपस्थित राहिल्या. मत मांडले नाही. बेचाळीस...”

“ओ,” येसूबाई उठल्या. “थांबा थांबा. मी बोलल्ये ना.”

भाऊसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. “आजी, तुम्ही माइकपाशी आलात. पण काही बोलला नाहीत.”

“असं कसं? एवढा वेळ उभी होत्ये!”

“उभ्या होतात, ते लिहिलंय.”

उजवीकडून कुणीतरी म्हणालं, “आजी, मनातल्या मनात बोलली असशील!” आणि आकाशी शर्टांत हशा पिकला. सुरेंद्र हसला नाही. तो मान खाली घालून बसला होता, आई चारचौघांत काहीतरी विचित्र वागली की मुलं बसतात तसा.

येसूबाई डावीकडच्या माणसांकडे वळल्या. “अरे, तुम्ही तरी सांगा.” पण ती सगळी तेव्हा फाटकापाशी होती. शेजारच्या म्हातारीनं त्यांचा पदर ओढला. “बस गो. नाय आलं ऐकू आम्हाला पण.”

येसूबाई बसल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या. तक्रारीनं नाही. माझं मशीन चांगलं आहे, तेव्हा मी सांगेन, एवढ्याच भरवशानं.

“आणखी कुणाची दुरुस्ती?” साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

“त्या बोलल्या, सर,” मी म्हटलं.

माझा आवाज फारसा गेला नसावा. इक्बालभाईंनी कॅमेऱ्यामागून माझ्याकडे बघून मान हलवली: नको. मी उभी राहिले आणि पुन्हा म्हटलं, “एक्केचाळीस नंबर बोलल्या. सहा मिनिटं. मी ऐकलंय.”

साहेबांनी मला सकाळपासून पहिल्यांदाच नीट बघितलं. “तुम्ही साउंडवाल्या ना?”

“हो. मृणाल गुडेकर.”

“मग आम्हाला कसं ऐकू आलं नाही?”

मी काही बोलण्याआधीच त्यांनी स्वतः उत्तर काढलं. साहेब वाईट नव्हते. तेही दमले होते, आणि त्यांना दिवस संपवायचा होता. “बरं, होतं असं. भाऊसाहेब, लिहा: तांत्रिक बिघाडामुळे निवेदन ऐकू आले नाही. चालेल, मॅडम? चला.”

ते चाललं असतं. बिघाडाला नाव नसतं. बाबांना सांगायला लागलं नसतं.

“बिघाड नव्हता,” मी म्हटलं. “मी त्यांचा माइक खाली ओढलेला होता.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

“कमी करायला तुम्ही सांगितलंत, शिट्टी वाजली तेव्हा. ते बरोबर होतं. पण त्या बोलायला लागल्या, तेव्हा मी तो वर घ्यायला हवा होता. त्या बोलताहेत हे मला कळत होतं. हेडफोनमध्ये शब्द न् शब्द ऐकू येत होता. तुमच्या हाताची वाट बघत मी सहा मिनिटं तशीच बसून राहिले.”

डावीकडून एकदम आरडाओरडा झाला. “मॅनेज केलंय! पैसे घेतलेत बाईनं!” वकील उभा राहून काहीतरी कलम सांगायला लागला. साहेबांनी टेबलावर हात आपटला.

“शांत बसा! मॅडम, तुम्ही ऐकलंत म्हणता. मग काय बोलल्या ते सांगा. आम्ही लिहून घेतो आणि संपवतो.”

मी सांगू शकले असते. माझी स्मरणशक्ती चांगली आहे, क्रमसुद्धा चुकला नसता. मी येसूबाईंकडे बघितलं.

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. उजवीकडे, तिसऱ्या रांगेकडे बघत होत्या.

“म्हंजे,” त्या हळूच म्हणाल्या, “ह्यानं काय ऐकलंनच नाय?”

“नाही, आजी.”

“काहीच नाय?”

“नाही.”

त्या खुर्चीत बसल्या. हातांच्या चिंध्या मांडीवर ठेवून बसून राहिल्या. दुपारी माझ्या टेबलासमोर उभ्या होत्या त्यापेक्षा त्या मला दहा वर्षांनी म्हाताऱ्या दिसल्या. मला वाटलं, संपलं. एवढ्या वेळात त्यांनी मनातल्या मनात घरी जाऊनही घेतलं होतं, मुलाला वाढून घेतलं होतं, आणि तो काय बोलेल ते ठरवलंही होतं. आता पुन्हा ते सगळं पहिल्यापासून कोण करणार? मी असते तर केलं नसतं.

“काय आजी?” साहेब म्हणाले. “मॅडम सांगताहेत, त्यांना सांगू द्यायचं का?”

“नको,” येसूबाई म्हणाल्या. “तिच्या तोंडनं नको.”

आणि त्या उठल्या. खुर्च्यांच्या पाठी धरत धरत पुढे आल्या. दुपारी त्या माइकपाशी जरा वेळ थांबल्या होत्या; आता थांबल्या नाहीत. मला मात्र म्हणाल्या, “चालू हाय ना गो?”

“चालू आहे.”

परवानगीचं पुढे काय झालं ते तालुक्याला माहीत आहे. पाइप खणून बघायचा हुकूम झाला, प्रकरण दोन वर्षं लांबलं, मग पाइप पुढे नेला आणि कारखाना दुप्पटही झाला. ‘गुडेकर साउंड’ला पुन्हा सरकारी काम मिळालं नाही. बाबांनी मला त्याबद्दल शेवटपर्यंत एक शब्द विचारला नाही. तो विचारता येत नव्हता म्हणून की विचारायचा नव्हता म्हणून, ते मला कळलं नाही. पण हे सगळं नंतरचं. त्या वेळी मंडपात फक्त पंखे फिरत होते.

“मी येसू बाबू डोर्लेकर,” त्या म्हणाल्या. “पाइप समुद्रात जात नाय. तरीच्या धक्क्याखाली, खाडीतच संपतो.”

आकाशी शर्टांत हालचाल झाली. भाऊसाहेब भराभर लिहीत होते. मी हेडफोन काढून ठेवला होता, त्यामुळे मला तेवढंच ऐकू येत होतं जेवढं सगळ्यांना. दुपारी सहा मिनिटं पुरला होता तो आवाज आता उरला नव्हता. तो प्रत्येक शब्दाला खाली चालला होता.

“मला ते आठ वर्षं ठाऊक हाय,” त्या म्हणाल्या, “नि आठ वर्षं मी तिथलीच कालवं...”

तिसऱ्या रांगेत सुरेंद्र उठला. शेजाऱ्यानं त्याची बाही धरली, ती त्यानं सोडवून घेतली. पण तो बाहेर जाणाऱ्या वाटेला वळला नाही. खुर्च्यांमधून सरळ माझ्या टेबलाकडे आला. वायरी उपटणार असं वाटून मी दोन्ही हात मिक्सरवर आडवे धरले. इक्बालभाईही कॅमेरा सोडून एक पाऊल पुढे आले.

तो टेबलापाशी थांबला. माझ्याकडे त्यानं बघितलंच नाही. बघत होता आईच्या पाठीकडे.

“आवाज वाढवा,” तो म्हणाला. “मागं ऐकू येत नाय.”

मी वाढवला. येसूबाईंनी ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.